हिराबाईच्या हातचं

मामा, तुझे दिवस घालून चार दिवस झाले होते. शाळा सुटल्यावर मी मामीकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती. समोर सूप नाही, विळी नाही, हातात काहीच काम नाही. मी चपला काढतोय तेवढ्यात तिनं विचारलं, "ती हिराबाई कुठं राहते रे?"

"कोण हिराबाई?" मी उगाच म्हटलं.

"कोण म्हणजे? चिंचणीची खानावळवाली. पाच वर्षं तूही जेवलास ना तिच्याकडे?"

"हो."

"मग मला घेऊन चल. माझ्या शेतातली नागली खाल्ली तिनं, उडीद खाल्ले. आणि माझा माणूस मेला तर दिवसाला तोंड दाखवायला आली नाय. मला तिला एकच विचारायचंय, बाई गं, तू त्याला काय खायला घातलंस? सासू गेली तेव्हा मी म्हटलं होतं, आता येते मी चिंचणीला, रांधून घालते. तर म्हणाला, हिराबाई आहे ना, तू कशाला. आणि मी ऐकलं."

मी तुझ्या जागेकडे बघितलं. खांबाला टेकून, एक पाय खाली सोडून तू बसायचास ती जागा. अशा वेळी तू मामीच्या पाठीमागून मला डोळ्यानं खुणवायचास, गप्प बस म्हणून. तिथे आता फक्त खांब होता. तरीही मी गप्पच बसलो.

चिंचणीत हिराबाई नावाची कोणी खानावळवाली नाही, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता ते माझ्या एकट्याजवळ आहे. आणि मामी त्या बाईला भेटायला निघाली आहे.

तुला आठवतं का, बारावी झाल्यावर आईनं मला चिंचणीला, तुझ्या कंपनीजवळच्या खोलीवर शिकायला पाठवलं तेव्हा आपण खरंच खानावळीत जेवायचो. तलासरीच्या पाड्यावरून आलेल्या मला ते जेवण फार भारी वाटायचं. रश्शावर लाल तेलाचा जाड थर, पापड रोज, रविवारी शिरा. मी घरी सांगायचो, मामाकडे रोज लग्नाचं जेवण असतं. तूही दोन-दोन वाट्या रस्सा ओरपायचास. मग कंपनीच्या तपासणीत तुझी साखर निघाली, दाब निघाला, आणि डॉक्टरबाईंनी तुझ्या हातात आहाराचा एक छापील कागद दिला. तो तू मला वाचायला दिलास, कारण घरातला शिकलेला मी.

"ओट्स," मी वाचलं.

"म्हणजे काय?"

"परदेशातलं धान्य आहे. तिकडे घोड्यांना घालतात."

"आपल्याकडे घोडा नाय. पुढचं वाच."

"ब्रोकोली. ऑलिव्हचं तेल."

"ही कोण?"

"फळ असतं मामा. त्याचं तेल."

"मग चिकूचं काढतील कं?"

"चिकू तर बंद लिहिलाय."

तू कागद माझ्या हातातून ओढून घेतलास. "डहाणूच्या माणसाला चिकू बंद? तू उलटा धरलायस हा. सरळ धरून वाच, मास्तर."

मी तेव्हा मास्तर नव्हतो. पहिल्या वर्षाला होतो. पण तू पहिल्या दिवसापासून मला मास्तरच म्हणायचास, अर्धं चिडवायला आणि अर्धं, मला वाटतं, तसं व्हावं म्हणून.

त्या संध्याकाळी तू खाटेखालची गोणी पुढे ओढलीस. दर सुट्टीला मामी तुला काहीबाही बांधून द्यायची आणि तू ते खाटेखाली ढकलून खानावळीत जायचास. नागली होती, सालीसकट भरडलेले उडीद होते, कुळीथ, वरई, तूर, घरच्या भाताचे तांबूस तांदूळ. तू जमिनीवर मांडी घालून बसलास आणि म्हणालास, "ह्या कागदाच्या मागं लिही. त्यांच्याकडे काय, आपल्याकडे काय." मी लिहीत गेलो. ओट्सच्या पुढे नागली. ब्रोकोलीच्या पुढे घरमालकाच्या शेवग्याचा पाला, तो नुसता कुंपणावर सुकत असायचा. परदेशी माशाच्या पुढे चिंचणीच्या बाजारातला सुका जवळा, खारवलेला नव्हे, उन्हात वाळवलेला. ऑलिव्हच्या पुढे तू काही लिहू दिलं नाहीस. म्हणालास, तेल ते तेल, चमच्यानं घ्यायचं, बाटलीनं ओतायचं नाय. पुढे बी.ए. झालो, बी.एड. केलं, पुष्कळ टिपणं काढली. पण माझ्या शिक्षणाचा जगण्यासाठी उपयोग झाला तो पहिल्यांदा त्या कागदाच्या मागच्या बाजूवर.

रांधायला मात्र आपल्या दोघांनाही येत नव्हतं. एक शेगडी, एक कढई, एक तवा. पहिल्या दिवशी उडीद धुऊन कढईत टाकले ते असे चिकटले की कालथ्यानं खरवडून काढावे लागले. दुसऱ्या दिवशी तसंच. शनिवारी आपण गावी निघालो तेव्हा डहाणूच्या बसस्टँडवर तू मला बाजूला घेतलंस आणि म्हणालास, "हे बघ, मी रांधतो हे मामीला कळता कामा नये."

आधी मला तो तुझा पुरुषी ताठा वाटला. आजी, म्हणजे तुझी आई, अर्धांगानं खाटेवर होती. मामी तिला हातानं भरवायची, कूस बदलायची, आणि शेतही तीच बघायची. तू म्हणालास, "तिला कळलं की मी चुलीपुढं बसतो, तर ती आईला टाकून येऊ शकणार नाय आणि तिथं सुखानं दोन घासही खाणार नाय. शिवाय पाड्यातल्या बाया आहेतच, बायको असून नवरा चूल फुंकतो म्हणायला. ते तिलाच ऐकावं लागेल."

"मग काय सांगायचं?"

"सांगू, एक चांगली बाई मिळाली. आपल्याच बाजूची. मोखाड्याची."

"नाव विचारलं तर?"

तू जरा थांबलास. "हिराबाई."

"हे कुठून काढलंस?"

"शाळेत होती एक हिरा," म्हणालास, आणि बस आल्यावर खिडकीबाहेर बघत राहिलास. मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही.

घरी गेल्यावर तू मामीला म्हणालास, "बाई चांगली आहे, पण तिचे उडीद चिकटतात."

मामी भडकलीच. "कसली खानावळ चालवते ही? उडीद भाजता येत नाय? तिला सांग, आधी कोरडे भाज, मग धू. धुऊन भाजलेस तर चिकटणारच."

सोमवारी तू कोरडे उडीद कढईत टाकलेस आणि शेगडीकडे बघून म्हणालास, "हिराबाई, ऐकलं कं मामीचं?" आणि मग स्वतःच, बारीक आवाज काढून, "हो जी, ऐकलं." उडीद सुटे भाजले गेले. खोलीभर तो खरपूस वास पसरला. आपण दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो की शेजारच्या वहिनी दारात आल्या.

तेव्हापासून ती वाटच पडली. आपली काही फजिती झाली की तू ती हिराबाईच्या नावावर खपवायचास आणि मामी तिला शिकवायची. हिराबाईची नागलीची भाकरी थापताना मोडते. मग हिराबाईला सांग, पाणी उकळून त्यात पीठ टाक, झाकून ठेव, मग मळ. हिराबाईचं कुळथाचं पिठलं कडू होतं. तिला सांग, मेथीदाणे कमी घाल, काय औषध करतेय का? जवळ्यात रेती लागते. अगो बाई, तीन पाण्यानं धुवायला सांग तिला, आणि हातानं वरचा वर काढायचा, ओतायचा नाय. तू सगळं लक्षात ठेवून आणायचास. एवढी वर्षं तिच्या चुलीसमोर पाटावर बसून जेवलेला माणूस तिच्याकडून रांधायला शिकत होता, आणि तिला ते माहीत नव्हतं.

मामा, तू हळूहळू फार छान रांधायला लागलास. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. सकाळी नागलीची आंबील, ताक घालून. संध्याकाळी एक कडधान्य, एक पाला आणि मोजून भात. एक भांडं कायम भिजत घातलेलं असायचं. घरमालकानं विचारलं तर तू म्हणायचास, "उद्याचं जेवण झोपलंय त्यात." शुक्रवारी तू प्रत्येक डब्याच्या तळातलं मूठमूठ काढून एकत्र शिजवायचास, त्याला नाव ठेवलं होतंस डबेझाड. कधी मूग आणि वरई, कधी तूर, वाल, दोन चमचे तांदूळ आणि शेवग्याचा पाला. ते दर वेळी वेगळं लागायचं. आणि दर वेळी तू पहिला घास घेऊन म्हणायचास, "हे पुन्हा जमायचं नाय."

भातावरून मात्र आपलं भांडण शेवटपर्यंत राहिलं. कागदावर भात कमी लिहिला होता आणि मी कागदाच्या बाजूनं होतो. तू म्हणायचास, "मी भाताचा शेतकरी. माझ्या शेतात पिकतं ते मी खायचं नाय, मग मी पिकवतो कुणासाठी?" मी साखरेचं गणित सांगायचो. तू म्हणायचास, "तुझं गणित पांढऱ्या तांदळाचं आहे, हा माझा तांबडा आहे." एकदा मी रागानं म्हटलं, "मर मग भात खाऊन." तू ताटातला एक डाव भात परत पातेल्यात ठेवलास. ते वाक्य मला आता दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. माझ्याच आवाजात.

पुढच्या तपासणीचा कागद तू मला निकालासारखा दाखवलास. "पास?" मी बघून म्हटलं, "फर्स्ट क्लास." तू तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलास आणि पुढचे दोन दिवस तोच शर्ट घातलास.

माझी पदवी झाली तेव्हा पाड्यावर पहिलाच म्हणून सगळे जमले होते. आई रडत होती. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हे सगळे हिराबाईचे उपकार. तिनं नीट जेवू घातलं म्हणून पोरगा शिकला." मी मान खाली घातली, हसू येऊ नये म्हणून. मामीनं मात्र ते मनावर घेतलं. आत गेली आणि बांबूची नवी सुपली घेऊन आली, स्वतः बुरडाकडून विणून घेतलेली. "हिराबाईला द्या. म्हणावं, पोराला सांभाळलंस." परत येताना बसमध्ये ती सुपली तू मांडीवर धरून बसला होतास. डहाणू आलं. मग म्हणालास, "सांगायला पाहिजे होतं रे तिला."

"मग सांग ना."

"आता कसं सांगू? आता ती सुपली देऊन बसली."

बी.एड. झाल्यावर गेल्या जूनमध्ये मला आपल्याच भागातल्या आश्रमशाळेत नोकरी लागली. निघताना मी तुला म्हटलं, एकटा काय करशील? तू म्हणालास, "तू होतास तेव्हा तरी काय करायचास? कांदा कापायचास आणि रडायचास." नागली दळून आणून आपण डबा काठोकाठ भरला होता. तू मला स्टॉपवर सोडायला आलास आणि बस सुटेपर्यंत खिडकीला हात लावून उभा राहिलास.

मग रोज पावणेआठला तुझा फोन. जेवलास कं, आणि मग तू काय रांधलंस त्याची यादी. आज कुळथाचं पिठलं आणि भाकर. आज शेवग्याचा पाला तुरीत घातला. शुक्रवारी डबेझाड. मी शाळेच्या भटारखान्यातला भात कालवत ऐकायचो आणि म्हणायचो, छान, मामा, छान. पालकसभेत आयांना सांगायचो, महागाचं काही नको, घरातल्या डब्यांत काय आहे बघा, माझा मामा एकटा राहतो आणि आजही रोज नागली, कडधान्य, पाला रांधून खातो, त्याची साखर ताब्यात आहे. बाया कौतुकानं ऐकायच्या. एक म्हणाली, "अशे पुरुष असतात कं, सर?" मी म्हटलं, एक तरी आहे.

थंडीत एके सकाळी तू पहिल्या पाळीला निघालास, कंपनीच्या बसची वाट बघत स्टॉपच्या कट्ट्यावर बसलास आणि उठला नाहीस.

मामीला चिंचणीला न्यायचं ठरलं रविवारी. मी शनिवारी आधी एकटाच गेलो. खोलीची चावी माझ्याकडे होती. मला वाटलं, आधी आवरून ठेवू. खरं सांगतो, मला बघायचं होतं की हिराबाई अजून थोडे दिवस निभेल का. सुपली लपवता येईल का, डबे उचलता येतील का.

मी नागलीच्या पिठाचा डबा उघडला. काठोकाठ भरलेला होता. वर जाळी धरली होती, पांढरी, दाट, आणि तिच्यात किडे. जूनमध्ये आपण दोघांनी भरलेलं पीठ. त्यातली एक भाकरीही तू थापली नव्हतीस.

कढई उपडी ठेवलेली, तिच्या बुडावर गंज. शेगडीवर धूळ. सिलिंडर हलवून बघितला, भरलेला. खाटेखाली मामीनं दिवाळीला दिलेली गोणी तशीच, तिच्या हातची गाठ न सोडलेली. आणि कोपऱ्यात खानावळीतून बांधून आणलेल्या पिशव्या, फरसाणाचे पुडे, बिस्किटांचे कागद. नीट घड्या करून ठेवलेले. तुझी सवय.

मी खाटेवर बसलो. आणि मामा, त्या रिकाम्या खोलीत मला तुझा आवाज ऐकू यायला लागला. आज कुळथाचं पिठलं. आज मुगात पाला. आज वरई केली, मऊ झाली होती. एकेक दिवस, एकेक पदार्थ, पावणेआठच्या त्या आवाजात. तू हे सगळं या कोपऱ्याकडे बघत मला सांगत होतास. कदाचित हातात फरसाणाचा पुडा धरून. पदार्थ खरे होते, आपणच कधीतरी केलेले. तू मला आपलेच जुने दिवस वाढत होतास आणि मी छान म्हणत होतो.

गोणी माझ्या पायाजवळ होती. मनात आलं, ही सोडावी, अर्धी ओतून टाकावी, पीठ फेकून द्यावं, कढई घासून ठेवावी. मग मामीला सांगता येईल की तो रांधून जेवत होता, शेवटपर्यंत, तिच्या घरचं, तिच्या शिकवण्यानं. ती बिचारी शांत होईल. मी गाठीला हात घातला. दुहेरी, आत ओढून घेतलेली, तिलाच जमते तशी. सोडली असती तर तशी परत बांधता आली नसती, पण बांधायची तरी कुणाला होती? कितीतरी वेळ माझी बोटं त्या गाठीवर होती. तू तिला एक खोटं सांगितलंस आणि त्यामुळं ती चिंचणीला येऊ शकली नाही. मला एक सांगितलंस आणि त्यामुळं मी आलो नाही. त्यात माझं तिसरं घालायला हात धजेना. मी खोली होती तशीच ठेवली, कुलूप लावलं आणि परत आलो.

रविवारी बसमध्ये मामी काय बोलायचं त्याची तयारी करत होती. "आधी शांतपणे विचारीन. बाई, तेल किती घालायचीस? मग ती काहीतरी सांगेल. मग मी म्हणेन, माझी नागली कुठं गेली?" डहाणूला बस बदलताना तिनं एका बाईकडून केळी घेतली. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं जायचं कुणाच्या दारात?" भांडायला निघालेली बाई केळी घेऊन. मला सांगायचं होतं, तिथेच, बसच्या आवाजात. नाही जमलं.

मी कुलूप काढलं. ती उंबऱ्यात थांबली.

"इथं राहायचा?"

"हो."

"आणि हिराबाईचं घर?"

"मामी, आत ये. बस."

ती आत आली, बसली नाही. शेगडी बघितली, तवा बघितला, डबे बघितले. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे तिची नजर गेली. "ही माझी सुपली. ही इथं कशी?"

मी सांगितलं. उभ्यानंच, एका दमात. हिराबाई नाही. कधीच नव्हती. मामा रांधायचा. तू जे निरोप धाडायचीस ते त्यालाच धाडत होतीस. तू शिकवलेले उडीद त्यानं भाजले. सगळं सांगितलं, आजीचं, पाड्याचं, बसस्टँडवरचं.

मला वाटलं ती रडेल. तिनं सुपली काढून हातात घेतली आणि म्हणाली, "मी पाच वर्षं जळले रे त्या बाईवर."

"काय?"

"घरी आला की हिराबाई असं करते, हिराबाई तसं करते. एकदा म्हणाला, हिराबाईनं पाला घातलेली तूर खाशील तर बोटं चाटशील. मी त्या रात्री जेवले नाय. आणि तो सोंग करत होता? माझ्यापुढं बसून? मला म्हणायचं होतं ना, ये, माझ्या हातचं खा. एकदा तरी. एकदा तरी वाढायचं होतंस मेल्या." हे ती मला म्हणत नव्हती. खोलीला म्हणत होती. मग एकाएकी हसली. "उडीद धुऊन भाजत होता. मूर्ख." आणि हसता हसता खाली बसली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग एवढं नीट खात होता, तर गेला कशानं?"

मी खाटेखालची गोणी पुढे ओढली. तिनं गाठीवर हात ठेवला.

"ही दिवाळीची."

"हो."

"मला म्हणाला, हिराबाईनं नव्या नागलीची भाकर केली, गोड झाली होती."

"मला म्हणाला, मी केली."

मग मी पिठाचा डबाही दाखवला आणि कोपऱ्यातल्या पिशव्याही. म्हटलं, मी जूनमध्ये गेलो, त्यानंतर त्यानं शेगडी पेटवली नाही बहुतेक. चार वर्षांहून जास्त नीट चाललं होतं, मामी. मी गेलो आणि बंद पडलं.

ती त्या जाळीकडे बघत होती. मी वाट बघत होतो, ती मला काहीतरी म्हणेल. मला ते ऐकायचंच होतं, तुझ्या वतीनं.

"एकट्यासाठी कोण रांधतं रे," ती म्हणाली.

आणि मग, डब्याचं झाकण लावत, "मी तरी काय रांधते? तू विचारतोस तेव्हा सांगते वरणभात केला. सकाळचा चहा, त्यात बिस्किट. दिवस झाल्यापासून चूल नाय पेटवली मी."

रोज शाळा सुटल्यावर मी तिच्या ओट्यावर जात होतो, मामा. रोज विचारत होतो जेवलीस का. रोज वरणभात ऐकत होतो. मी एवढा शिकलेला माणूस, आणि मला दुसऱ्यांदाही कळलं नाही.

तिनं गाठ सोडली. उडीद आणि तांदूळ काढले, सुपलीत घेऊन पाखडले. म्हणाली, "तू कर. हिराबाई कशी करायची ते मला बघू दे." मी कढई घासली. उडीद कोरडे भाजले, मग धुतले. ती भिंतीला टेकून बघत होती आणि मध्येच म्हणत होती, आच कमी कर, हलव, नुसता उभा काय राहतोस. तुझ्या मापानं मीठ घातलं, तुझ्या चमच्यानं तेल. उडदाचं कालवण आणि तांबडा भात, मी दोन ताटं वाढली. ती पहिला घास घेऊन थांबली. मग सगळं जेवली आणि पातेल्याकडे बघून म्हणाली, "अजून आहे कं?"

परत येताना तिनं गोणी बरोबर घेतली. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. पाड्याच्या फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "उद्या येशील कं जेवायला? येणार असशील तर टाकते."

मी उभाच राहिलो, मामा. जूनपासून तू मला रोज फोनवर जेवण सांगत होतास. चिंचणी काही दूर नव्हती, दोन बसचं अंतर. दर शनिवारी मला येता आलं असतं. मी एकदाही म्हटलं नाही की येतो, माझंही टाक. एवढंच म्हटलं असतं तर तू कढई घासली असतीस, उडीद भाजले असतेस, शेगडीकडे बघून बारीक आवाज काढला असतास. हे मी मामीला सांगितलं नाही. हे फक्त तुला सांगतो. तू माझ्यासाठी रांधत होतास आणि मी त्याला तुझ्या तब्येतीची काळजी समजत होतो.

"येतो," मी म्हटलं.

सोमवारी शाळा सुटली. वह्या तशाच ठेवून निघालो. पाड्याच्या वळणावर आलो तर मामीच्या कौलांतून धूर निघताना दिसला. मी भरभर चालायला लागलो.